आप्पांची आजीव वर्गणी मी बंद केली, तुम्हीही करा

ज्यांच्या घरी कुठल्या ना कुठल्या मराठी मासिकाचा अंक आजीव वर्गणीवर, म्हणजे एकदाच पैसे भरून आयुष्यभर, येतो, आणि ती वर्गणी वडिलांनी नाहीतर आजोबांनी कधीकाळी भरलेली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं म्हणणं सरळ आहे. ती वर्गणी सोडून द्या. मासिकाला पत्र लिहून कळवा की आमचा अंक पाठवणं थांबवा, आणि ते मासिक तुम्ही खरंच वाचत असाल तर यंदाचे पैसे यंदा भरा, पुढच्या वर्षी परत विचार करा आणि परत भरा. वाचत नसाल तर भरू नका. ऐकायला हे कठोर वाटतं, कारण मास्तर लोकांच्या घरांत अशा मासिकाशी सगळ्यांचा जीव गुंतलेला असतो, पण मराठी मासिकं जगावीत असं ज्याला मनापासून वाटतं त्याने आता याच बाजूने विचार करायला पाहिजे असं माझं ठाम मत झालंय.

आमचे आप्पा अमळनेर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. ऐंशीच्या दशकात त्यांनी मनिऑर्डर करून एका मासिकाची आजीव वर्गणी भरली, आणि तेव्हाच्या पगाराच्या मानाने ती रक्कम मोठीच होती, आई अजून सांगते की त्या दिवाळीला साडी घ्यायची राहिली ती राहिलीच. अंक यायचा तो खाकी कागदाच्या पट्टीत गुंडाळलेला, पट्टीवर शाईने वर्गणीदार नंबर, मग आप्पांचं नाव, गाव, तालुका. पट्टी फाडायची नाही, सरकवून काढायची, कारण तिच्या कोऱ्या बाजूवर आप्पा दुधाचा हिशोब लिहायचे. बारा अंक झाले की दाभण घेऊन बसायचे, तीन ठिकाणी भोक पाडून सुतळीने शिवायचे, वरून खळीने जाड पुठ्ठा चिकटवायचे आणि पुठ्ठ्यावर वर्ष टाकायचे. ते गठ्ठे गावात फिरायचे, शाळेतले दुसरे गुरुजी, ग्रामसेवक, सोसायटीचे सचिव, एकदा तर एक गठ्ठा चोपड्याला कुणाच्या तरी सासरी जाऊन वर्षभराने परत आला होता, समासात कुणीतरी पेन्सिलीने 'हे खरे नाही' असं लिहून. आप्पा त्या शेऱ्यावर दोन दिवस खूश होते. म्हणजे एका वर्गणीवर सात-आठ घरं वाचत होती आणि त्यावर भांडतही होती.

आप्पा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. अंक येतोच आहे. आता पट्टी नाही, प्लास्टिकची पिशवी असते आणि छापील लेबल, पण नाव तेच. डाकसेवक ओट्यावर येऊन अहिराणीत हाक मारतो, "आप्पासना अंक उना शे!", म्हणजे अंक आलाय, आणि आई तो घेऊन कपाटावर ठेवते. पिशवी न फोडलेल्या अंकांची थप्पी लागली होती. मी त्यातले गेल्या दोन-तीन वर्षांचे सगळे काढून वाचले, आणि वाचल्यावर ठरवलं.

आता हिशोब बघा, कारण भावनेपेक्षा हिशोबातच हे जास्त स्पष्ट होतं. आजीव वर्गणी ही कल्पना ज्या काळात निघाली तेव्हा ती अगदी शहाणपणाची होती. समजा मासिकाची वर्षाची वर्गणी चाळीस रुपये आणि आजीव पाचशे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात बँकेत लांब मुदतीच्या ठेवीला ११ टक्के व्याज मिळायचं. पाचशेची ठेव ठेवली की वर्षाला पंचावन्न रुपये, म्हणजे वर्गणी सुटून वर पंधरा राहतात, आणि मूळ रक्कम जशीच्या तशी. नव्वदच्या दशकात तर दर आणखी वर गेले होते. संपादकाला हातात भांडवल मिळालं, वाचकाला दरवर्षीच्या मनिऑर्डरीची कटकट नाही, दोघंही खूश. पण हे गणित दोन गोष्टींवर उभं होतं, व्याज टिकेल आणि कागदाचा भाव फार पळणार नाही. दोन्ही झालं नाही. २०२० मध्ये मोठ्या बँकांचे दर साडेपाच टक्क्यांच्याही खाली आले, म्हणजे त्याच पाचशेवर वर्षाला जेमतेम सत्तावीस रुपये पडायचे, आणि त्या पैशात आज बारा अंक सोडा, एक अंक छापून, पिशवीत घालून, पोस्टात टाकणं होत नाही. आणि हे मूळ ठेव अजून शिल्लक आहे असं धरून. बऱ्याच ठिकाणी ती कधीच छपाईच्या बिलात, जागेच्या भाड्यात गेलेली असणार, त्यात कुणाची लबाडी नाही, छोट्या मासिकाला वेगळा निधी बाजूला ठेवणं परवडलंच नसणार.

मग आप्पांच्या नावाच्या अंकाचे पैसे आज कोण भरतं? यंदा नव्याने वर्गणी भरणारा कुणीतरी. एखादी धरणगावची कॉलेजातली मुलगी, जी खरंच वाचायला म्हणून पैसे भरते, तिच्या पैशातून माझ्या कपाटावरच्या थप्पीत दर महिन्याला एक अंक वाढतो. मला हे चुकीचं वाटतं. आप्पांनी त्यांच्या वेळी पूर्ण किंमत मोजली होती, त्यांचा हक्क होता. माझा काय हक्क?

मी मासिकाच्या ऑफिसला फोन केला. पलीकडचे गृहस्थ चांगले होते, वयस्कर आवाज, पण त्यांना माझं म्हणणंच कळेना. म्हणाले, साहेब तुम्हाला तर फुकट येतंय, बंद कशाला करता, वाटलं तर तुमच्या नावावर करून देतो. मी म्हटलं, मला वार्षिक वर्गणीदार करा पाहिजे तर. ते म्हणाले आजीवचा वार्षिक कशाला करायचा, उलटं कुणी करतं का, आणि मग जरा थांबून म्हणाले की यादीतली नावं कमी झालेली वरच्यांना आवडत नाहीत. मी त्या माणसाला दोष देत नाही. पण शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, कारण खरा रोग तिथेच आहे. यादी मोठी दिसते, जाहिरातदाराला दाखवता येते, पण त्या यादीत जिवंत किती, वाचणारे किती, हे मासिकाला स्वतःलाच ठाऊक नाही.

आणि याचा परिणाम मजकुरावर होतो, माझा मुद्दा मुख्यतः हाच आहे, पैशाचा नंतर. जो वाचक दरवर्षी खिशात हात घालतो तो दरवर्षी एक मत देतो. शंभर लोकांनी नूतनीकरण केलं नाही तर संपादकाला झोप लागत नाही, तो विचार करतो की काय बिघडलं. आजीव वर्गणीदार नाराज झाला तर काय होतं? काहीच नाही. अंक कपाटावर जातो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येतो. मी जे अंक काढून वाचले त्यात खान्देश जवळजवळ नाहीच. आप्पांच्या जुन्या गठ्ठ्यांमध्ये तापीकाठच्या केळीवर लेख आहेत, सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल वस्त्यांमधल्या शाळांवर आहे, अमळनेरच्या गिरणीवर आहे, लेखक स्वतः एसटीने येऊन राहून लिहून गेलेले दिसतात. आता मात्र त्याच चार-पाच नावांचे परदेश प्रवास, कुणाची तरी षष्ट्यब्दी, सभागृहातल्या भाषणांचे वृत्तांत. रावेर-यावलचा केळीवाला बाजारात जाहीर होणाऱ्या बोर्डाच्या भावावर आणि करपा रोगावर कंटाळा येईपर्यंत बोलतो, कापूसवाला बोंडअळीवर बोलतो, पोरं पुण्याला कंपनीत बारा तासांची शिफ्ट करतात त्यावर घरोघर बोलणं चालतं, यातलं काही त्या मासिकात येत नाही. इतकी वर्षं कुणी विचारलं का त्यांना? आम्ही विचारलं नाही कारण आम्हाला विचारायची वेळच येत नव्हती. वर्गणी भरायची वेळ आली असती तर आई म्हणाली असती, कशाला भरतो, कुणी वाचत नाही. तो प्रश्न घरात उठायला हवा होता, आणि तसाच तो त्यांच्या ऑफिसातही पोचायला हवा होता.

यावर एक आक्षेप मला माझ्याच मामांनी घेतला. ते निवृत्त मुख्याध्यापक, त्यांच्याकडे दोन मासिकांची आजीव आहे. म्हणाले, अरे करार तो करार, त्यांनी पैसे घेतले तेव्हा आयुष्यभर देऊ म्हटलं, आम्ही पोटाला चिमटा काढून दिले, आता तुझ्या व्याजदराचं गणित आम्हाला कशाला ऐकवतो. मला हे शंभर टक्के मान्य आहे. ज्यांनी स्वतः भरले आणि जे स्वतः वाचतात, त्यांना शेवटपर्यंत अंक गेलाच पाहिजे, आणि पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला आणखी पैसे मागणं तर अजिबात बरोबर नाही. मी त्यांच्याबद्दल बोलतच नाहीये. मी बोलतोय आपल्याबद्दल, पुढच्या पिढीबद्दल, ज्यांच्या घरात चारचाकी आहे, मोबाईलच्या रिचार्जला महिन्याला तीनशेच्या वर जातात, आणि मासिक मात्र आजोबांच्या नावावर चाललंय.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. लोक म्हणतात, आधीच मासिकं मरायला टेकलीत, त्यात तू वर्गण्या बंद करायला सांगतोस, भाषेचं काय होईल? मला भाषेची काळजी नाही असं नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मलाही आनंद झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन झालं, आमच्या तालुक्यात १९५२ नंतर पहिल्यांदा, गर्दी बघून ऊर भरून आला. पण अशा गर्दीत बोलताना एक गोष्ट हमखास ऐकू येते, अमुक मासिक बंद पडलं, तमुक बंद पडलं, काय ते दिवस होते. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद झालं आणि त्याचा शोक आजही चालू आहे, शोक करणाऱ्यांत त्यानंतर जन्मलेलेही आहेत. विचारा की बाबा तू सध्या कुठल्या मासिकाचे पैसे भरतोस, बहुतेक वेळा उत्तर येत नाही. एखादं मासिक बंद पडणं इतकं वाईट नाही, चांगलं काम करून संपलं तर संपलं. ते वीस वर्षं कुणी न वाचता चालू राहणं जास्त वाईट, कारण तेवढ्या वेळात नवीन काही निघायला जागा आणि पैसा उरत नाही.

आणि मासिक वाचकाच्या जोरावर कसं चालतं हे बघायला आपल्याला लांब जायची गरज नाही. साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढायचे. रोज हाताने लिहायचं. पुढे त्यांनी 'विद्यार्थी' मासिक काढलं, मग १५ ऑगस्ट १९४८ ला 'साधना' साप्ताहिक सुरू केलं, जे आजही निघतं. हस्तलिखिताला पैसा लागत नव्हता पण वाचणारी पोरं रोज समोर बसलेली होती, काल लिहिलेलं आवडलं की नाही ते आज चेहऱ्यावर दिसत होतं. दुसरं उदाहरण धुळ्याचं. पुरुषोत्तम पाटलांनी १९८५ मध्ये धुळ्याहून 'कविता-रती' सुरू केलं, फक्त कविता आणि कवितेवरचं लेखन, दुसरं काही नाही, आणि २०१७ मध्ये ते गेले तोपर्यंत ते त्यात होते. मुंबई-पुण्याबाहेर, जाहिराती देणारे उद्योग फारसे नसलेल्या गावात, नुसत्या कवितेला वाहिलेलं नियतकालिक इतकी वर्षं निघतं ते कशाच्या जोरावर? ते हवं असणारे थोडे का होईना पण खरे वाचक महाराष्ट्रभर होते म्हणून. मला वाटतं मराठी नियतकालिकाचं वय यादीच्या लांबीवरून मोजूच नये.

इथे पोस्टाचा एक बारकावा सांगतो, फार कुणाला माहिती नसतो. १८९८ च्या टपाल कायद्यात नोंदणीकृत वृत्तपत्रांना सवलतीचा दर होता, अगदी काही पैशांत अंक गावोगाव जायचा, आणि त्यासाठी दोन अटी होत्या. एक, दोन अंकांत ३१ दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. दुसरी, खऱ्या वर्गणीदारांची यादी पाहिजे. इंग्रजांच्या कायद्यालासुद्धा कळत होतं की वाचक आहे तिथेच सवलत द्यायची. पण पहिल्या अटीमुळे द्वैमासिकं, त्रैमासिकं बाहेर पडायची, म्हणजे जी मुळातच कमी पैशात चालतात त्यांनाच पोस्टाचा पूर्ण खर्च. आता नवा कायदा आलाय, २०२३ चा, २०२४ मध्ये लागू झाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुस्तकांसाठीची स्वस्त रजिस्टर्ड बुक पोस्टची सोयही बंद झाली. ज्या गावात पुस्तकाचं दुकान नाही, आणि आमच्याकडे तालुक्याच्या गावीसुद्धा शालेय पुस्तकं आणि गाईडं सोडून काही मिळत नाही, तिथे पोस्ट हेच दुकान. म्हणून भाषेच्या नावाने सरकारकडे काही मागायचंच असेल तर पुतळे आणि भवनं राहू द्या, छापील मराठी नियतकालिकाला, मग ते तीन महिन्यांनी का निघेना, स्वस्त टपाल दर मागा.

जाहिरातीवर मासिक चालवा म्हणणारे आहेत. चालवून बघितलंय आपण. आमच्या जळगाव जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको, एके काळी इथे दिवाळी अंक उघडला की पतसंस्थांच्या पानभर शुभेच्छा, चेअरमनचे फोटो, ठेवीवर इतके टक्के आणि ज्येष्ठांना अर्धा टक्का जास्त. मग त्यातल्या कित्येक संस्थांमध्ये लोकांच्या ठेवी अडकल्या, निवृत्तीचा पैसा, मुलीच्या लग्नाचा पैसा, म्हातारी माणसं वर्षानुवर्षं कलेक्टर कचेरीच्या चकरा मारत राहिली. ज्या अंकाचं निम्मं बिल चेअरमन भरतो तो अंक चेअरमनला काय विचारणार? हे प्रश्न तेव्हा विचारायला एखादं तरी असं मासिक हवं होतं ज्याचे पैसे फक्त ठेवीदारांच्या घरातून येतात. आज पतसंस्थेच्या जागी बिल्डर आहे, खासगी कॉलेज आहे, निवडणूक लढवणारे भाऊ आणि दादा आहेत, बाकी तेच.

पीडीएफचं एकाच दमात सांगतो. दिवाळी अंक बाजारात आला की आठवड्यात तो ग्रुपवर फिरतो, फॉरवर्ड करणाऱ्याला वाटतं आपण वाचनसंस्कृती वाढवतोय, आणि बऱ्याचदा तो स्वतःही पहिली चार पानं सोडून वाचत नाही. ज्यांनी स्वतःहून जुने अंक मोफत खुले केलेत, जसं बालभारतीच्या 'किशोर'ने केलं, १९७१ पासूनचा केवढा खजिना आहे तो, तिथून जरूर वाचा, पोरांना वाचून दाखवा. बाकीच्यांचं चोरून वाटू नका.

काही जणांनी सुचवलं की आजीव अंक गावातल्या वाचनालयाच्या नावे वळवून दे. चांगला विचार आहे, पण वाचनालयाला नियतकालिकं घ्यायला सरकारी अनुदान मिळतं, ते अपुरं आणि उशिरा मिळतं हे खरं, तरी फुकटचे अंक दिले की तिथेही निवड करायची सवय जाते. त्यापेक्षा वाचनालयाला रोख वर्गणी द्या आणि काय मागवायचं ते तिथे येणाऱ्या पोरांना ठरवू द्या, ते स्पर्धा परीक्षेचं मासिक मागवतील तर मागवू द्या.

शेवटी मी पत्र पाठवलं, रजिस्टर पोस्टाने नाही, साध्या पाकिटात, आप्पांचा वर्गणीदार नंबर वर लिहून. अंक बंद करा असं लिहिलं, आणि का ते दोन पानं भरून लिहिलं, केळी आणि सातपुड्यासकट. वाचलेल्या अंकांतले मला आवडलेले दोन लेखही नावानिशी लिहिले, कारण तेही त्यांना कळलं पाहिजे. आईला आधी विचारलं होतं, ती म्हणाली आप्पांनी न वाचलेला अंक घरात ठेवला नसता. यात माझे काही पैसे वाचले असं नाही, पण त्या निमित्ताने मी दोन दुसऱ्या नियतकालिकांची एकेका वर्षाची वर्गणी भरली, तीन वर्षांची सवलत देत होते ती घेतली नाही.

पत्रात एक मागणीही केलीये, आणि ती सगळ्याच मराठी नियतकालिकांकडे आहे. मार्चच्या अंकात कुठेतरी कोपऱ्यात बारीक टायपात 'फॉर्म नंबर ४' छापलेला असायचा, मालक कोण, मुद्रक कोण, प्रकाशक कोण, संपादक कोण, राष्ट्रीयत्व काय. कायद्याने लागायचा म्हणून छापायचे. त्याच्या शेजारी आणखी चार ओळी छापा. या वर्षी पैसे भरलेले वर्गणीदार किती, आजीव किती, त्यातल्या कितींनी गेल्या पाच वर्षांत एकदा तरी पत्र-फोन करून आपण आहोत असं कळवलं, आणि एक अंक छापून घरपोच करायला किती रुपये लागतात. ज्या मासिकाने हे आकडे छापले त्याची वर्गणी मी अंक न बघता भरायला तयार आहे.